हवाबंद

४ डिसेंबर, शनिवार

शहाणे,

फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून हे कागदावर. कागद ब्लॉक करायची सोय अजून कुणी काढलेली नाही. फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच. यात माझ्यापेक्षा तुझ्या आईबाबांचं जास्त आहे.

मी हल्ली काय करतो ते तुला कुणीतरी सांगितलंच असेल, आणि सांगताना हसलंही असेल. काकांच्या हाताखाली लागलोय. नवीन बांधलेलं घर किती गळतं ते आम्ही तपासतो. पाणी नाही, हवा. पुढच्या दाराच्या चौकटीत जाड कापडाचा पडदा ताणून बसवायचा, पडद्यात एक दांडगा पंखा, आणि त्या पंख्याने घरातली हवा बाहेर खेचायची. खेचली की जिथे जिथे फट आहे तिथून बाहेरचा वारा आत घुसतो. किती घुसला त्याचा आकडा मशीनवर येतो. आकडा लहान असेल तर घर पास. मोठा असेल तर बिल्डरने फटी बुजवायच्या आणि आम्हाला परत बोलवायचं. जिथे अर्धं वर्ष अंगातला स्वेटर उतरत नाही, तिथे माणसं हीटर लावून अख्खं आभाळ तापवत बसू नयेत, एवढाच याचा अर्थ. काम मला आवडतं. हो, कॉलेजपेक्षा जास्त.

आता काकांची पद्धत ऐक. स्वयंपाकघरातल्या चिमणीचं आणि बाथरूममधल्या पंख्याचं तोंड परीक्षेपुरतं निळ्या टेपने बंद करतात. ते नियमातच आहे, ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. पण काकांचा हात तिथे थांबत नाही. सिंकच्या खाली नळाभोवती टेप. कपाटांच्या मागे टेप. माळ्याच्या झाकणाला चारी बाजूंनी टेप. काका त्याला ‘घराला पावडर लावणं’ म्हणतात. मग पंखा सुरू, आकडा झकास, बिल्डरचा मॅनेजर मान डोलावतो, आणि तो गेला की टेप सोलून काढायची. सोलायचं काम माझं.

आज कोपऱ्यावरच्या घरात सिंकखाली डोकं घालून सोलत होतो. टेप निघाली आणि मनगटावर बर्फासारखी धार आली. तेवढ्यात दारात बूट वाजले. तुझे बाबा. ते घर तुमचं आहे हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी माझ्याकडे विजेच्या खांबाकडे बघावं तसं बघितलं. म्हणाले, “ए मुला, ओल्या पायांनी फिरू नकोस.” तीन वर्षं ज्याने तुमच्या जुन्या घराची बेल वाजवली तो मुलगा. मग काकांना विचारलं, घर कसं आहे. काका म्हणाले, “बरणी आहे हो, बरणी. लोणचं घातलं तर वर्षभर टिकेल.” तुझ्या बाबांनी भिंतीवरून हात फिरवला. आयुष्यभर दुकानदारांचे वजनकाटे तपासून त्यांवर शिक्के मारलेला माणूस. शिक्का दिसला की त्यांचा जीव शांत होतो. दाखला मिळेल ना, एवढंच विचारलं. काका म्हणाले, मिळाला समजा.

मी! तोंडात मिठाची गुळणी धरून टेपचा गोळा करत बसलो, कारण काका माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्याच घरात मी जेवतो.

तेव्हापासून डोक्यात तिडीक उठलीय. तुझ्या बाबांना सांग, परत परीक्षा होईपर्यंत घराचा ताबा घेऊ नका. माझं नाव सांगायची गरज नाही.

– रॉकेल
(नाव वर्गात तुम्ही सगळ्यांनी ठेवलेलं, मी वापरतोय)


१५ डिसेंबर, बुधवार

शहाणे,

तुझं कार्ड मिळालं. ‘तुला खरंखोटं नको असतं, तुला भांडण हवं असतं. बाबांच्या घराला हात लावू नकोस.’ एवढंच. खाली सहीसुद्धा नाही. अक्षर मात्र तेच, ट ला शेपूट असलेलं. कार्ड मी खिशात ठेवलंय, आणि ठेवलंय याचाच मला जास्त राग येतोय.

लॅबमधलं प्रकरण तू अजून विसरली नाहीस तर. अख्ख्या वर्गाने प्रयोग न करता मापं भरली होती. मी सरांच्या टेबलावर वही आपटली आणि बाहेर पडलो. तू आपली वही नीट बंद करून पुढे दिलीस. ठीक आहे. तू पास झालीस आणि मी पंखा उचलतोय. पण त्या खोट्या आकड्यांत कुणी राहायला जाणार नव्हतं. इथे तुझी आई राहायला गेलीय.

हो, गेली. मागच्या आठवड्यात सामान आलं. तू बाबांना काही सांगितलंच नाहीस ना?

मग मीच उठलो. आधी काकांशी भांडलो. ते म्हणाले, आपण नापास केलं तर बिल्डर दुसऱ्याला बोलावतो, आणि तो दुसरा दोन टेपा जास्त लावतो. घर थोडं गळलं म्हणून कुणी मरत नाही. मी म्हटलं, मग सरळ पंखा विका आणि टेपचं दुकान काढा. काकू मध्ये पडली नसती तर त्या दिवशी मी रस्त्यावर असतो.

मग बिल्डरच्या ऑफिसात गेलो. तिथला मॅनेजर इतका गोड बोलतो की मुंग्या याव्यात. खुर्ची दिली, चहा दिला, माझं शिक्षण विचारलं. अर्धवट सोडलंय म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते तू बघायला हवं होतंस. म्हणाला, “दाखला आहे, आणि तो तुमच्याच काकांच्या सहीचा. आता तक्रार कुणाची, कुणाविरुद्ध?” उत्तर मला जिना उतरताना सुचलं, पण ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.

राहिली तुझी आई. तिला मी बाजारात गाठली. मान एका बाजूला धरून चालत होती. मला बघून आधी इकडेतिकडे बघितलं, मग म्हणाली, “अरे, त्या घरात पलंग कुठेही हलवला तरी मानेवर वारा येतो. हे म्हणतात, माझ्या मनाचे खेळ.” मी म्हटलं, काकू, मला अर्धा तास घरात घ्या.

तुझे बाबा बाहेर गेले तशी तिने मला घेतलं. काकांच्या गाडीतून पंखा न विचारता आणला, तेही सांगून टाकतो. पंखा लावला. आमच्याकडे धुराची पेन्सिल असते, तिच्या टोकातून पांढरा बारीक धूर निघतो. ती मी तुझ्या आईच्या हातात दिली. म्हटलं, तुम्हीच फिरा. ती फिरली. पलंगामागच्या विजेच्या बटणांपाशी धूर असा उडाला की ती हात मागे घेऊन हसायलाच लागली. भिंतीच्या तळच्या पट्टीखाली उडाला. खिडकीच्या चौकटीला उडाला. सिंकखाली तर विझल्यासारखा आडवाच झाला. तेवढ्यात शेजारची बाई पंख्याचा आवाज ऐकून आली. तिच्या मागून तिचा नवरा. मग पलीकडचे. सगळ्यांना आपापल्या घरी पेन्सिल हवी झाली.

आणि मग तुझे बाबा आले.

मला वाटलं, आता मी पंख्यासकट बाहेर. त्यांनी कोट काढला नाही. बायकोच्या हातातून पेन्सिल घेतली आणि खाली बसून भिंतीच्या कडेने अख्ख्या घरभर फिरले. उठले तेव्हा कान लाल झाले होते. म्हणाले, “खोटं वजन.” बास. तसेच कॉलनीतल्या लोकांना घेऊन ऑफिसात गेले. मॅनेजरने त्यांनाही चहा विचारला. तुझ्या बाबांनी तो टेबलावर थंड होऊ दिला आणि तोपर्यंत बोलत राहिले, असं ऐकलं.

फटी बुजवायला माणसं येणार आहेत. काका माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढतात, बोलत नाहीत.

भांडण हवं असतं म्हणे. हवं असतं, तर यातून मला काय मिळालं ते सांग.

– रॉकेल


२ जानेवारी, रविवार

ऐकतेस का,

आज माझा आवाज चढलेला नाही, घाबरू नकोस.

तुमचं घर बुजलं. फटीत फुगून घट्ट होणाऱ्या फेसाच्या नळ्या घेऊन माणसं आली, आणि मी त्यांच्या डोक्यावर उभा राहिलो. पट्ट्यांखाली, बटणांमागे, माळ्याच्या झाकणाला रबर, नळांभोवती फेस. काकांनी पंखा दिला. न बोलता दिला, पण दिला. टेपचा एक तुकडाही जास्तीचा न लावता आकडा आला, आणि तो मॅनेजरने आधी मिरवला होता त्याहून खरंच लहान होता. तुझ्या आईने त्या दिवशी मान सरळ ठेवून मला जेवायला वाढलं.

तुझे बाबा माझ्याशी बोलतात. थट्टा नाही करत. मला त्यांनी ‘बस’ म्हटलं. धुराची पेन्सिल मागून घेतली, आता त्यांच्याकडेच असते. सकाळी चहा झाला की ते शिकारीला निघतात. आपल्या घरात झालं की शेजाऱ्यांच्या घरात. कोटाच्या खिशात फटी भरायच्या सीलंटची नळी. मी गेलो की मला नवीन सापडलेली फट दाखवतात, आणि मी ‘वा’ म्हणेपर्यंत हलत नाहीत. म्हणाले, काट्यात जो खोटेपणा असतो तोच भिंतीत असतो, शोधणारा पाहिजे. मी त्यांना म्हटलं, भोक म्हणजे चोर, दिसला की धरायचा. ते त्यांना इतकं आवडलं की दोनदा म्हणून घेतलं.

घर उबदार आहे. इतकं, की सकाळी खिडक्यांच्या काचांवरून आतून पाणी ओघळतं. तुझी आई फडक्याने पुसते. तिचं डोकं दोन-तीन दिवस जड आहे, आंघोळ झाली की जास्त. थंडीने असेल, म्हणाली. मी म्हटलं, काकू, थंडीला आता शिरायला जागा कुठे ठेवलीय आपण? ती हसली. बाजारात गेलं की बरं वाटतं म्हणे. मी म्हटलं, मग रोज बाजारात जा, मी पिशवी धरतो.

बघ ना, तुझ्याच घरात मी विनोद करतोय आणि तू तिथे नाहीस. तुझ्या खोलीत तुझं टेबल लावलंय. खिडकीपाशी. त्या खिडकीची फट मी स्वतः बुजवली, फेसवाल्याला हात लावू दिला नाही. तो म्हणाला, एवढं काय आहे त्या खिडकीत. मी त्याला काय सांगू?

सुट्टीत येणार आहेस असं आईच्या बोलण्यात आलं. ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण त्या टेबलाशी बसून बघ, कानाला वारा लागतो का.

तुझा (खोडत नाही, राहू दे)


१२ जानेवारी, बुधवार

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. तुमच्या होस्टेलच्या दारावर बसणाऱ्या बाईंच्या हातात दिलंय. मी गेटाबाहेरच्या बाकावर आहे. काल काकांनी त्यांच्या फोनवरून तुला लावला होता. ‘मी त्याचा काका’ एवढं ऐकून तू ठेवलास. बाबांनी तुला त्यांची बाजू सांगितली असणार हे तेव्हाच कळलं.

त्यांनी सांगितलं ते खरं आहे. मी तुमच्या घराची भिंत फोडली. आता का फोडली ते वाच, उभ्या उभ्या वाच, पण शेवटपर्यंत वाच.

परवा गेलो तर दार तुझ्या आईने उघडलं. तोंड लालबुंद, आणि एक हात भिंतीला. म्हणाली, आंघोळ करून आले, जरा गरगरतंय. बाबाही आरामखुर्चीत डोकं दाबून बसले होते. मी पाणी आणायला आत गेलो. स्वयंपाकघराला लागून मागची छोटी खोली आहे, तिथे गॅसचा गीझर आहे. त्याच्या खाली भिंतीत एक जाळी होती. होती. आता तिथे गुळगुळीत भिंत, वर रंगाचा हात.

मी विचारलं, ही कुणी बुजवली? तुझे बाबा खुर्चीतून उठले. किती अभिमानाने उठले म्हणून सांगू. “मी. सगळ्यात मोठा चोर तोच होता. तुम्हा दोघांच्या नजरेतून सुटला.”

शहाणे, ती जाळी गीझरच्या नाकपुड्या होत्या. ज्योत जळायला हवा लागते. गळक्या घरात ती कुठूनही मिळत होती. आता घर घट्ट, वर चिमणीचा पंखा हवा बाहेर ओढतोय, आणि आत यायला एकच वाट होती ती बंद. मग गीझरचा धूर नळीतून वर जायच्या ऐवजी उलटा खोलीत येतो. त्या धुराला वास नसतो, रंग नसतो. डोकं जड होतं, माणूस जरा पडावं म्हणतो, आणि पडलेलाच राहतो. फटी बुजवल्या तेव्हा मी त्या जाळीला हात लावला नाही, पण ती का ठेवायची तेही कुणाला सांगितलं नाही. मला ‘वा’ म्हणायची घाई होती.

मी गीझर लावला, चिमणी लावली आणि बाबांच्याच खिशातली पेन्सिल नळीच्या तोंडाशी धरली. धूर वर जायला हवा होता. तो माझ्या तोंडावर आला. मी म्हटलं, बघा. ते बघत होते. आणि मग काय म्हणाले ते शब्दाला शब्द लिहितो.

“आधी तुझ्या काकाने टेप लावून मला फसवलं. मग तू आलास, भोक म्हणजे चोर म्हणालास. आता म्हणतोस, भोक पाडा. तुमच्या काट्याला शून्य तरी आहे का रे?”

माझं पित्त खवळलं. समजावून सांगायला हवं होतं, ते कळतं. पण तुझी आई मागे भिंत धरून उभी होती. मी फळीवरची हातोडी उचलली आणि घातली. प्लास्टर पडलं, जाळी वाकली, गार वारा आत आला. बाबांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. दारातून ओरडलो, खिडकी उघडी ठेवा. त्यांनी दार लावलं, आणि दुपारपर्यंत ते भोक पुन्हा भरलं. बोर्डाचा तुकडा, वर सीलंट. तुझ्या आईने मागच्या दाराने येऊन सांगितलं. ती म्हणाली, हे घरात असले की खिडकी उघडू देत नाहीत, सगळी मेहनत वाया जाते म्हणतात.

मॅनेजरला फोन केला. तो गोड हसला. “तुम्हीच घट्ट मागितलं होतंत ना?” गॅसवाल्यांनी सांगितलं, माणूस येईल, या आठवड्यात नाहीतर पुढच्या. त्या सगळ्यांच्या नावाने मी इतका ओरडलो की घसा बसलाय. त्याचा उपयोग शून्य.

मग काकांकडे गेलो. वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी बूट घातले, तुमच्या दारात गेले, बेल वाजवली. बाबांनी दार अर्धंच उघडलं. म्हणाले, तुमच्या तोंडून तर मुळीच नको. काका मग घराच्या मागे गेले, बाहेरची गॅसची तोटी बंद केली, तिची मूठ काढून खिशात घातली आणि तुमच्या फाटकासमोर गाडीत जाऊन बसले. अजून बसलेत. मला म्हणाले, “माझं कुणी ऐकणार नाही. का ऐकणार नाही ते मला कळलंय, तू परत सांगू नकोस. जा, जिचं ऐकतात तिला घेऊन ये.”

बाबा पोलिसांना बोलावणार आहेत. पोलीस येतील, काकांना उठवतील, मूठ परत बसेल आणि उद्या सकाळी तुझी आई पाणी तापवेल. म्हणून मी इथे आहे.

तू भांडण म्हणालीस. चल, भांडण म्हण. मी उतावळा, मी अर्धवट, मी भिंत फोडणारा, सगळं मान्य. सुट्टीत आलीस तर मी त्या गल्लीत दिसणार नाही. टेबलाचं, खिडकीचं जे लिहिलं ते सगळं सोड. पण बाबांना फोन कर. आत्ता. माझं नाव अजिबात काढू नकोस, नाव निघालं की ते ऐकायचे थांबतील. तुला जे पुस्तकात शिकवलंय ते तुझ्या शब्दांत सांग. घर घट्टच हवं, तुम्ही केलंत ते बरोबर केलंत, हे आधी सांग, ते त्यांना ऐकायचंय. मग सांग की जाळी मोकळी केल्याशिवाय गीझर लावायचा नाही. चुकून लागलाच तर खिडकी उघडून घराबाहेर पडायचं. त्यांनी काटे तपासले, पण तुझ्या हुशारीवर शिक्का त्यांनी डोळे मिटून मारलाय. तू म्हणालीस तर ते स्वतः छिन्नी घेऊन बसतील.

माझ्याशी बोलायला खाली येऊ नकोस. दारावरच्या बाईंनी सांगितलं, तुझी खोली रस्त्याच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथून बाक दिसतो. फोन कानाला लावून खिडकीत उभी राहा, म्हणजे मला कळेल. मग मी उठेन आणि काकांना कळवेन.

फोन लांबला तरी लांबू दे. तुझे बाबा पटकन ऐकत नाहीत. मी बसलोय.